कोया डोंगरावरचा अ

एकतीस वर्षे मी पहिलीच्या वर्गाला अक्षरे शिकवली, आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी ओसाकाच्या रेल्वे स्थानकात पूर्ण निरक्षर होऊन उभी राहिले. मुलगा नोकरीनिमित्त तिकडे असतो. तो कामावर गेला की मी एकटीच आसपास हिंडत असे. दुकानांच्या पाट्या, बसवरचे फलक, सामानाच्या खोक्यांवरचा मजकूर यांतले एक अक्षर मला लागत नसे, आणि पहिल्याच आठवड्यात दूध समजून मी आणलेले खोके पिण्याच्या दह्याचे निघाले. वर्गात एखादे मूल फळ्याकडे बघायचे सोडून खिडकीबाहेर टक लावून बसे आणि मला त्याचा राग येत असे. त्या मुलाला फळा कसा दिसत असेल, हे मला साठीच्या उंबरठ्यावर, परक्या गावातल्या फलाटावर उभे असताना कळले.

कोयासानला जायची कल्पना मुलाची. 'सान' म्हणजे डोंगर. ओसाकाच्या नांबा स्थानकातून आगगाडी डोंगराच्या पायथ्याशी जाते, त्या शेवटच्या स्थानकाचे नाव गोकुराकुबाशी, म्हणजे सुखावतीचा, बौद्धांच्या स्वर्गाचा, पूल. तिथून दोराने ओढली जाणारी गाडी पाच मिनिटांत वर नेते, आणि ती चढण इतकी उभी आहे की गाडीतली आसने जिन्याच्या पायऱ्यांसारखी एकावर एक चढवलेली आहेत. वर सुमारे आठशे मीटर उंचीवर, आठ शिखरांच्या मधल्या सपाटीवर एक लहानसे गावच वसले आहे. ती आठ शिखरे म्हणजे कमळाच्या पाकळ्या, असे तिथले लोक मानतात. गावात शाळा आहे, विद्यापीठ आहे, पोस्ट आहे, अग्निशमन दल आहे आणि ११७ मंदिरे आहेत. त्यांपैकी पन्नासएक मंदिरांत प्रवाशांना मुक्काम करता येतो.

हा डोंगर ८१६ साली सम्राट सागा याने कूकाई नावाच्या भिक्षूला दिला. कूकाई मूळचा शिकोकू बेटावरचा. तो ८०४ मध्ये राजदूतांच्या जहाजातून चीनला गेला आणि तेव्हाची राजधानी चांगआन इथे हुइग्वो या आचार्यांकडून त्याने मंत्रयान या बौद्ध पंथाची दीक्षा घेतली. पण मला त्याच्या चरित्रातली सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट निराळी आहे. त्याच गावात प्रज्ञ नावाचा, नालंदेत शिकलेला एक वयस्क भिक्षू राहत होता, आणि त्याच्याकडे बसून कूकाई संस्कृत अक्षरे गिरवायला शिकला. तिशी ओलांडलेला, चिनी काव्यात आणि सुलेखनात आधीच पारंगत असलेला हा माणूस पुन्हा पहिलीत जाऊन बसला. ८०६ मध्ये तो परतला तेव्हा त्याने बरोबर आणलेल्या ग्रंथांच्या यादीत संस्कृत अक्षरांत लिहिलेल्या ४२ कृती होत्या.

आम्ही वरच्या स्थानकाबाहेर बस पकडली आणि गावाच्या वेशीवर न्योनिन्दो नावाच्या थांब्यावर उतरलो. हे स्त्रियांचे मंदिर आहे. १८७२ साली सरकारने बंदी उठवेपर्यंत या डोंगरावर स्त्रियांना पाऊल ठेवता येत नव्हते, आणि फर्मान निघाल्यानंतरही त्यांना तिथे मोकळेपणी राहता यायला विसावे शतक उजाडावे लागले. डोंगरावर यायच्या सात वाटा होत्या आणि प्रत्येक वाटेवर असे एकेक मंदिर होते. स्त्रिया तिथवर येत, थांबत, आणि मग आतल्या मंदिरांचे कळस झाडांमधून दिसतात का ते पाहत शिखरांच्या कडेकडेने सगळ्या डोंगराला प्रदक्षिणा घालून परत जात. सातांपैकी आता हे एकच उरले आहे. कूकाईची आईदेखील पायथ्याशीच राहिली. तो महिन्यातून नऊ वेळा तिला भेटायला खाली उतरत असे, म्हणून त्या गावाला कुदोयामा, 'नऊ वेळांचा डोंगर', हे नाव पडले, असे सांगतात. मुलाने ही गोष्ट मला मोठ्या कौतुकाने सांगितली. मला ते कौतुक वाटले नाही. वीस किलोमीटरची वाट मुलाने नऊ वेळा उतरण्यापेक्षा आईला एकदा वर येऊ दिले असते तर काय बिघडले असते, असे मी म्हटले, आणि तो गप्प झाला.

आमच्या मुक्कामाच्या मंदिरात संध्याकाळी साडेपाचलाच जेवण आले. लाल लाकडी ताटांत लहान लहान वाट्या होत्या. तिळाचे, तोफू म्हणवणारे पण सोयाबीनचा कणही नसलेले मऊ वडीसारखे काहीतरी होते, आणि थंडीत गोठवून वाळवलेले, याच डोंगराच्या नावाने ओळखले जाणारे खरे तोफू रसात भिजवलेले होते. मासे, मांस तर नाहीच, पण कांदा-लसूणही नाही. आमच्याकडे कांदेनवमीला पोटभर कांदाभजी खाऊन चातुर्मासापुरता कांद्याचा निरोप घेतात. इथे तो निरोप बाराशे वर्षांपूर्वीच घेऊन झाला आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला मंदिराच्या गाभाऱ्यात प्रार्थना होती. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता आणि पायांखालच्या चटया बर्फासारख्या गार होत्या. आत अंधार होता, छतापासून टांगलेल्या पितळी दिव्यांची सोनेरी झिलई तेवढी दिसत होती. तीन भिक्षूंनी एका सुरात पठण सुरू केले. मी डोळे मिटून ऐकत होते, आणि त्या सलग, घनगंभीर आवाजातून मधूनच एखादा शब्द ओळखीच्या माणसाने गर्दीत खांद्यावर हात ठेवावा तसा जाणवून निसटून जात होता. प्रार्थना संपल्यावर मुलाने हातातल्या पुस्तिकेतला तो मंत्र जपानी अक्षरांवरून मला सावकाश वाचून दाखवला: 'ओन आबोक्या बेइरोशानो माकाबोदारा मानी हांदोमा जिंबारा हाराबारिताया उन.' मी तो दोनदा म्हणायला लावला. तिसऱ्यांदा माझ्या तोंडून आपोआप निघाले, 'ॐ अमोघ वैरोचन महामुद्रा मणिपद्म ज्वल प्रवर्तय हूँ.'

त्यातला प्रत्येक शब्द तिथे होता. ज्या जिभांना 'ल' येत नाही, जोडाक्षरे फोडल्याशिवाय म्हणता येत नाहीत, त्या जिभांवरून बाराशे वर्षे घरंगळत येऊनही मंत्र शाबूत होता. नदीतल्या गोट्यासारखे त्याचे कोपरे झिजले होते, इतकेच. सूत्रग्रंथांचे चिनी भाषेत भाषांतर झाले, पण मंत्रांचे कुणी केले नाही, कारण त्यांच्या मते त्यातला अर्थ ध्वनीपासून सोडवून काढता येत नाही. मला मुंजीतल्या आणि सत्यनारायणाच्या पूजेतल्या संस्कृताची आठवण झाली. आपल्यापैकी कितीजणांना त्याचा अर्थ समजतो? ऐकणाऱ्यांनी अर्थाशिवाय बसून राहण्याच्या बाबतीत तरी आम्ही आणि कोयावाले एकाच वर्गातले आहोत.

यानंतर मला शब्द गोळा करायचा नादच लागला. मंदिरात अग्नीत आहुती टाकतात त्या विधीचे नाव 'गोमा', म्हणजे होम. ज्येष्ठ भिक्षूला म्हणतात 'आजारी', म्हणजे आचार्य. हा शब्द ऐकून मी आधी त्यांच्या प्रकृतीची चौकशी करणार होते. 'शारी' म्हणजे बुद्धाच्या अस्थी, मूळ शब्द शरीर, आणि त्या पांढऱ्या कणांवरून सुशीतल्या भातालाही शारीच म्हणतात. पण मला खरा धक्का बसला तो मुलाने जपानी वर्णमाला म्हणून दाखवली तेव्हा. आ, इ, उ, ए, ओ हे पाच स्वर, आणि पुढे ओळी येतात त्या का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम मी एकतीस वर्षे फळ्यावर लिहिला आहे. 'सा'ची ओळ आपल्या च-वर्गाच्या जागी आहे आणि 'हा'ची प-वर्गाच्या, कारण जुन्या जपानीत तिथे 'प'चाच उच्चार होता; म्हणून तर 'ता'नंतर 'ना' येतो आणि 'हा'नंतर 'मा'. अक्षरांची वळणे चिनी लिपीतून आली असली, तरी त्यांना रांगेत उभे केले ते संस्कृत वर्णमाला शिकलेल्या तिथल्या भिक्षूंच्या अभ्यासाने. त्या अभ्यासाला जपानीत 'शित्तान' म्हणतात, म्हणजे 'सिद्धम्'.

आणि सिद्धम् म्हणजे आपला ओनामा. जुन्या गावठी शाळांत मुलाच्या हाती धूळपाटी दिली की पहिल्यांदा 'ॐ नमः सिद्धम्' म्हणून घेत. त्याचे 'ओनामासिधं' झाले, आणि पुढे कुठल्याही कामाची सुरुवात करायची म्हणजे त्याचा ओनामा करायचा, असा वाक्प्रचार मराठीत रुळला. त्याच शब्दावरून ज्या लिपीला सिद्धम् म्हणतात, ती एकेकाळी उत्तर हिंदुस्थानात लिहिली जात असे. आपल्याकडे ती केव्हाच वापरातून गेली. कोया डोंगरावर ती दगडादगडावर आहे.

सकाळी गारान नावाच्या मुख्य मंदिरसमूहात गेलो. तिथला लाल-पांढरा महास्तूप सुमारे एकोणपन्नास मीटर उंच आहे. आधीचा आगीत गेल्यावर सध्याचा १९३७ मध्ये उभारला. आत मध्यभागी महावैरोचन, भोवती चार बुद्ध आणि सोळा खांबांवर रंगवलेले बोधिसत्त्व आहेत, म्हणजे कागदावरचे मंडल उभे करून माणसाला त्यात शिरू दिले आहे. वेरूळच्या तीन ताल लेण्यात भिंतीवर नऊ चौकटींचा असाच एक पट कोरलेला आहे, मध्ये बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व, आणि तो कूकाईच्या काळाच्या थोडाच आधीचा आहे. शाळेच्या सहली घेऊन मी वेरूळला दोनदा गेले, पण दोन्ही वेळा मी मूर्ती पाहण्याऐवजी मुले मोजत होते.

स्तूपापेक्षा माझे लक्ष वाटेवरच्या दगडांनी वेधून घेतले. पायथ्यापासून गारानपर्यंतच्या जुन्या वाटेवर, साधारण १०९ मीटरांवर एक याप्रमाणे, १८० उंच शिळा रोवलेल्या आहेत, आणि गारानपासून कूकाईच्या समाधीपर्यंत आणखी ३६. अंतर सांगणारे हे दगड मैलाच्या दगडांसारखे ठोकळे नाहीत. प्रत्येक शिळेच्या माथ्याला पाच आकार घडवलेले आहेत: खाली चौकोन, त्यावर गोल, त्यावर उतरत्या छपरासारखा त्रिकोणी भाग, मग अर्धचंद्र, आणि सर्वांत वर टोकदार मण्यासारखा आकार. ही पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश. या आकारांवर पाच बीजाक्षरे कोरण्याची रीत आहे आणि ती खालून वर अशी येतात: अ, व, र, ह, ख. एका शिळेपाशी मी गुडघ्यावर बसले. शेवाळ इतके दाट होते की खाचांत बोट घालूनच अक्षर चाचपावे लागत होते. उजवीकडे उभा दंड होता आणि डावीकडून येऊन त्याला बिलगलेले वळण. पाटीवर मुलांचा हात धरून गिरवताना हाताला झालेली सवय दगडात जागी झाली. तीन आठवड्यांत मी वाचलेले ते पहिले अक्षर, अ.

'हे आपले अक्षर आहे,' मी मुलाला म्हणाले, आणि दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगत सुटले, हे कबूल केले पाहिजे.

दुपारी आमच्या मंदिरात ध्यानाचा वर्ग होता. त्याला आजिकान म्हणतात, म्हणजे अ-अक्षराचे दर्शन. भिंतीवर एक लांब पट सोडलेला असतो, त्यावर पांढऱ्या चंद्रबिंबात कमळ आणि कमळावर सोनेरी सिद्धम् अ. त्याच्यासमोर मांडी घालून बसायचे, श्वास सोडताना 'आऽऽ' असा संथ स्वर लावायचा आणि तो सरेपर्यंत अक्षराकडे पाहत राहायचे. अ हा सर्व ध्वनींचा उगम, आणि संस्कृतात नकाराचा उपसर्गही तोच. म्हणून जे मुळात कधी जन्मलेच नाही त्याची खूण म्हणजे अ, 'आद्यनुत्पाद'. आम्ही सातजण बसलो होतो. सात घशांतून निघालेले आकार एकमेकांत मिसळून त्या खोलीत घुमू लागले तेव्हा माझे ध्यान काही लागले नाही. मला जूनचा पहिला आठवडा, पत्र्यावर वाजणारा पाऊस आणि चाळीस पोरांनी बेंबीच्या देठापासून म्हटलेला अ ऐकू येत होता.

वर्ग घेणारा भिक्षू तिशीतला होता. मी मुलाला मध्ये घालून त्यालाही माझे पालुपद ऐकवलेच. त्याने ते अतिशय अदबीने ऐकून घेतले आणि माझ्यापुढे कागद सरकवून म्हणाला, लिहून दाखवाल का? मी सुवाच्य, वळणदार, फळ्यावर काढत असे तसा अ काढला आणि वर शिरोरेघ दिली. त्याने कुंचला घेऊन शेजारी त्याचा अ काढला. एका घरातल्या दोन चुलत बहिणी शेजारी बसवाव्यात तशी ती दोन अक्षरे दिसत होती, नाक एकीचे तसेच दुसरीचे, पण चेहरे वेगळे. त्याने आणखी चार अक्षरे काढली. त्यांतले एक मला अंदाजाने लागले आणि तीन मुळीच लागली नाहीत. मग त्याने विचारले, तुमच्या देशात आता या लिपीत कोण लिहिते? मी खरे तेच सांगितले, की कुणी नाही. शिलालेख वाचणारे अभ्यासक तेवढे ती ओळखतात. तो कुंचला धूत होता. त्याने मान हलवली, बोलला काही नाही. पण 'आपले अक्षर' हे दोन शब्द मी त्यानंतर उच्चारले नाहीत. पोर दुसऱ्याने वाढवले, त्याचे दुखणेखुपणे काढले, आणि आपण बाराशे वर्षांनी जाऊन त्याच्या नाकावरून घराण्याचा हक्क सांगायचा, त्यातला हा प्रकार होता.

वातावरण हलके करायला म्हणून की काय, त्याने विचारले, तुमच्याकडची मुले या अक्षराला कुठला शब्द जोडून शिकतात? मी म्हटले, अननस. मुलाने भाषांतर केले, 'पाइनाप्पुरु'. भिक्षूने खात्री करून घेण्यासाठी पुन्हा विचारले. होय, अ अननसाचा, पुस्तकात चित्रही असते. शिवाय हे फळ आमचे नव्हेच, अमेरिका खंडातले, ते पोर्तुगिजांनी आमच्याकडे आणले. हे सगळे ऐकून तो इतका हसला की त्याला हात टेकावा लागला. मग त्याने स्वयंपाकघरातून दोघांना बोलावून घेतले आणि पटाकडे बोट दाखवून त्यांना ही हकिगत सांगितली. रात्री ताट वाढायला आलेला मुलगा माझ्यासमोर गुडघ्यावर बसला, वाकून नमस्कार केला आणि गंभीरपणे म्हणाला, 'पाइनाप्पुरु.'

शेवटच्या सकाळी ओकुनोइनला गेलो. कूकाई ८३५ साली तिथे समाधिस्थ झाला. त्याला मृत्यू म्हणत नाहीत. तो अजून ध्यानातच बसला आहे असे मानतात. आळंदीच्या वाटेने चाललेल्या घरात वाढलेल्या मला हे निराळे समजावून सांगावे लागले नाही. पुलापासून समाधीपर्यंतची वाट दोन किलोमीटरांची आहे आणि दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांच्या देवदारासारख्या सुगी वृक्षांखाली दोन लाखांहून अधिक स्मारके आहेत. ओदा नोबुनागा या सेनापतीचे स्मारक तिथे आहे आणि १५८२ मध्ये त्याचा घात करणाऱ्या आकेची मित्सुहिदेचेही आहे. विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने आपल्या दिवंगत कामगारांसाठी उभारलेले अग्निबाणाचे स्मारक आहे. वाळवी मारण्याचा धंदा करणाऱ्यांनी चक्क वाळवीसाठी एक शिळा उभारली आहे आणि तिच्यावर 'शांतपणे झोपा' असे कोरले आहे. या सगळ्यांत पुन्हापुन्हा तोच पाच आकारांचा दगड दिसतो, कुठे माणसाहून उंच, कुठे वीतभर, कुठे झाडाच्या मुळाने अर्धा गिळलेला.

साडेदहाच्या सुमारास मुखपट्टी बांधावी तसे तोंड पांढऱ्या कापडाने झाकलेले दोन भिक्षू खांद्यावर पांढरी लाकडी पेटी घेऊन आमच्या पुढून गेले. पेटीत कूकाईचे जेवण होते. पहाटे सहाला आणि सकाळी साडेदहाला ते रोज नेतात. वाटेत एका छोट्या देवळीतल्या जिझो नावाच्या बोधिसत्त्वापुढे थांबून त्याला आधी चव दाखवतात. नैवेद्याला मीठ लागले आहे की नाही हे आमच्या घरी कुणी चाखून बघत नसे. इथे त्यासाठी देव नेमला आहे.

शेवटच्या पुलाखालून तामागावा नावाचा ओढा वाहतो आणि पाण्यातच अरुंद लाकडी फळ्या उभ्या रोवलेल्या आहेत. त्यांना सोतोबा म्हणतात, म्हणजे स्तूप. पाण्यात गेलेल्यांसाठी, आणि जन्माला येण्याआधीच गेलेल्या बाळांसाठी त्या रोवतात. बऱ्याच करड्या पडल्या होत्या, पण काठाजवळची एक फळी नवी होती, लाकूड पिवळसर होते आणि शाई अजून काळीभोर होती. काठावर जिझोच्या पितळी मूर्तींची रांग आहे. तिथे साधारण माझ्याच वयाची एक बाई लाकडी पळ्याने मूर्तीवर पाणी घालत होती.

मी पुढे वाकले आणि त्या नव्या फळीवरची अक्षरे एकेक करून, पहिलीतल्या मुलासारखी बोट धरून, मोठ्याने वाचली. अ. व. र. ह. ख.

त्या बाईने पळा खाली ठेवला, माझ्याकडे वळून हात जोडले आणि डोळे मिटले. मी नुसती वाचत होते, हे तिला सांगण्यापुरते जपानी मला येत नव्हते. मुलगा पुलाच्या पलीकडे होता. मी पुन्हा फळीकडे वळले आणि ती पाच अक्षरे पहिल्यापासून म्हटली, या वेळी जरा सावकाश.